वाफ जाऊ द्या

वॉफल पार्सल द्यायला कायद्यानं बंदी हवी. हसू नका, मी गंभीरपणे म्हणतोय. पुठ्ठ्याचं खोकं, आत वॉफल, वर चॉकलेटचा सॉस, त्यावर रंगीत गोळ्या, त्यावर आणखी कसला तरी चुरा, असं जे प्रकरण हल्ली संध्याकाळी स्कूटरवरून घरोघर पोचतं, ते खोकं उघडेपर्यंत वॉफल राहिलेलंच नसतं. बाहेरून ओलसर, आतून चिवट आणि खळग्यांत सॉसचं तळं. पोरं ते आवडीनं खातात, कारण पोरांना सॉस आवडतो. तोच सॉस पावावर घालून दिला असता तरी त्यांनी तेवढ्याच आवडीनं खाल्ला असता आणि बापाचे शंभर-दीडशे रुपये वाचले असते.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीकडे चक्कर टाकली तर वॉफल मिळायला फार शोधावं लागत नाही. कॉलेजची पोरं-पोरी तिथं तासभर बसतात, गप्पा मारतात, कुणी त्यांना उठवत नाही. हे चांगलंच आहे. आमच्या वेळी असं बसायला फक्त रंकाळ्याचा कठडा होता. तिथं बसून, साच्यातून निघाल्या निघाल्या खाल्लं तर तेच वॉफल बरं लागतं. बिघाड होतो तो खोक्यात. आणि खोक्यात काय होतं ते मला नीट माहीत आहे, कारण माझी सगळी नोकरी वाफेत गेली.

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्रात मी बॉयलरवर होतो. २१० मेगावॉटचे संच, ५४० अंशांची वाफ. वाफ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं चहाच्या पातेल्यावरचं पांढरं काहीतरी येतं. ती वाफ नव्हे, ते पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ दिसत नाही. कोरडी वाफ टर्बाइन फिरवते आणि तीच जरा ओली झाली की शेवटच्या रांगेतली पोलादी पाती कुरतडून ठेवते. आमचं काम काय, तर वाफ कोरडी ठेवायची आणि जिथं जायला हवी तिथं वेळेवर जाऊ द्यायची. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा सुनेचं वॉफलचं मशीन माळ्यावर धूळ खात पडलं होतं. ते खाली काढलं, पीठ ओतलं, झाकण लावलं, चारी बाजूंनी भसाभसा वाफ आली आणि मी म्हटलं, हा तर आपल्याच खात्यातला मामला.

वॉफल हलकं होतं ते वाफेनं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये सैल पीठ पडलं की कडेचा थर लगेच घट्ट होतो, आतल्या पाण्याला पसरायला जागा हवी असते, आणि ते पिठातला प्रत्येक बुडबुडा ताणत जातं. सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट, फेटलेलं अंडं ही सगळी तो बुडबुडा आधी तयार करून ठेवणारी मंडळी. फुगवते वाफ. पण फुगवून झाल्यावर तिनं बाहेर पडलं पाहिजे. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या पुढं सरकत नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला दीडशेच्या आसपास तरी जावं लागतं. आधी वाफ जाते, मग रंग येतो, मग कुरकुरीतपणा. या क्रमात कुणालाही सवलत नाही.

म्हणून मशीनच्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. तो दिवा पत्रा तापला एवढंच सांगतो, वॉफल झालं असं सांगत नाही. वाफेकडं बघायचं. आधी ती जोरात येते, मग विरळ होते, मग एका बाजूनं बारीकशी रेघ उरते. ती रेघ थांबत आली की झाकण उचलायचं. मधेच डोकावण्याची खोड असेल त्यानं या वाटेला जाऊ नये. वॉफल वरच्या पत्र्याला अर्धं आणि खालच्याला अर्धं चिकटून मधून फाटतं, आणि मग ते खरवडताना नॉनस्टिकचा थरही जातो.

बाहेर काढल्यावरही आतून वाफ येतच असते, दोन-तीन मिनिटं तरी. बंद खोक्यात तिला जायला वाट नाही. ती झाकणाला लागून थेंब होते, थेंब खाली पडतात आणि एवढ्या मेहनतीनं वाळवलेला कडक पापुद्रा ते पिऊन टाकतो. वर सॉस, खाली वाफ. सपाट ताटलीत ठेवलं तरी खालची बाजू ओली होते. आपल्या घरांत तर याहून मोठा धोका आहे, तो म्हणजे पोळीचा डबा. पोळी मऊ राहावी म्हणून ती फडक्यात गुंडाळून झाकून ठेवायची हे इतकं अंगात भिनलेलं आहे की बायकोनं पहिली दोन वॉफलं माझी पाठ वळताच डब्यात ठेवून झाकण लावलं होतं. वॉफलला नेमकं उलटं लागतं. केक गार करायची तारेची जाळी असते ना, तिच्यावर सुटं सुटं ठेवायचं, एकावर एक रचायचं नाही. आणि खरं तर तेवढंही थांबू नये. मशीनमधून काढलं, मिनिटभर हवा लागू दिली आणि खाल्लं.

हे मी मनचं सांगत नाही. ज्या देशाच्या नावानं आपण वॉफल विकत घेतो त्या बेल्जियममध्ये याची नीट विभागणी आहे. एक ब्रुसेल्सचं, आयताकृती, खोल खळग्यांचं, सैल आंबवलेल्या पिठाचं आणि अगदी हलकं. ते बशीत घेऊन, बसून खायचं. वर पिठीसाखर भुरभुरवली की झालं. दुसरं लीजचं. त्याचं पीठ सैल नसतं, मळलेला लोण्याचा गोळा असतो, त्यात जाड दाण्यांची साखर घातलेली. ती साखर साच्यात निम्मी वितळून कडेनं करपट-गोड कवच धरते. हे लीजचं वॉफल रस्त्यात, कागदात धरून, चालता चालता खातात. ते जड असतं, दाट असतं आणि वाट बघू शकतं. म्हणजे बसून खायचं वेगळं आणि घेऊन जायचं वेगळं, हे त्या लोकांनी केव्हाच ठरवून टाकलंय. आपण केलं काय, तर ब्रुसेल्सच्या जातीचं सैल पीठ घेतलं, त्यात लीजच्या वरताण गोडी घातली, अंडं काढून टाकलं आणि खोक्यात भरून स्कूटरवर बसवलं.

वर फळं आणि क्रीम चढवण्याची चाल अमेरिकेत गाजली ती एका जत्रेतून. १९६४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फ्लशिंग मेडोजमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. तिथं ब्रुसेल्सहून आलेल्या मॉरिस व्हर्मर्श यांच्या कुटुंबानं वॉफलचा ठेला लावला. पाककृती त्यांच्या पत्नीची. वर फेटलेलं क्रीम आणि स्ट्रॉबेरी, किंमत एक डॉलर. ब्रुसेल्स कुठं आहे हे अमेरिकनांना उमगत नाही असं दिसल्यावर त्यांनी नावात थेट बेल्जियम आणलं, असं सांगतात. त्याआधी दोन वर्षं सिएटलच्या प्रदर्शनात वॉल्टर क्लेमन यांनीही वॉफलं विकली होती, पण गाजला तो न्यूयॉर्कचा ठेला. जत्रेत माणूस एकदाच येतो, त्याला डोळ्यांत भरेल असं काहीतरी द्यावं लागतं, म्हणून स्ट्रॉबेरी. घरी कुणाच्या डोळ्यांत भरायचंय?

साच्याबद्दल थोडं. पीटर ब्रुगेल या चित्रकाराचं १५५९ सालचं एक चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, कार्निव्हल आणि उपवासाचा काळ यांच्या भांडणाचं. त्यात एक बाई विस्तवावर वॉफलं करताना दिसते. लांब दांड्याचा, दोन पानांचा लोखंडी साचा, तो निखाऱ्यावर धरायचा आणि हातानं उलटायचा. १८६९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी चुलीवर बसणाऱ्या, बिजागरीवर उलटणाऱ्या साच्याचं पेटंट घेतलं. तारीख २४ ऑगस्ट, म्हणून अमेरिकेत त्या दिवशी वॉफल दिन पाळतात. त्या काळचे साचे बिडाचे आणि चांगले जड. हे जडपण महत्त्वाचं आहे, कारण थंड पीठ ओतलं तरी जड बीड लगेच थंड पडत नाही.

आता बाजारात सातशे-साडेसातशे वॉटची हलकी मशीनं मिळतात. सँडविचच्या मशीनचाच पत्रा बदललेला असतो. पीठ पडलं की पत्रा गार होतो, पुन्हा तापायला वेळ घेतो, तोवर वाफ रेंगाळत बाहेर पडते आणि वॉफल भाजलं जाण्याऐवजी उकडलं जातं. हजार वॉटच्या खालचं घेऊ नये. असलंच घरात, तर प्रत्येक वॉफलनंतर झाकण लावून रिकामं दोन मिनिटं तापू द्यावं. थोडं पीठ कमी ओतावं. एवढ्यानं बराच फरक पडतो.

पिठाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथं आपली फसवणूक चालली आहे. तयार पिठाचं पाकीट आणायचं, पाणी घालायचं, ओतायचं. त्या पाकिटात साखर भरपूर असते. साखर जास्त झाली की रंग लवकर येतो. आपल्याला वाटतं झालं, आपण काढतो, आत ओल तशीच. वर साखर ओलही धरून ठेवते. दुसरी समजूत अशी की पीठ घट्ट असेल तर वॉफल जाड आणि फुगीर होईल. घट्ट पिठात पाणी कमी, म्हणजे वाफ कमी, म्हणजे वीट. पीठ सैल हवं. घावनाच्या पिठाहून दाट आणि भज्यांच्या पिठाहून बरंच पातळ. आणि ते फार फेटायचं नाही. मैदा पाण्यात जितका ढवळाल तितका चिवट होतो. बारीकशा गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात, रात्रीतून त्या आपोआप मुरतात.

रात्रीतून, कारण पीठ मी रात्री भिजवतो. मैदा २०० ग्रॅम, तांदळाची पिठी ५० ग्रॅम, कोमट दूध ३५० मिलिलिटर, वितळवलेलं लोणी ८० ग्रॅम, एक चमचा साखर, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा सुकं यीस्ट. बस. पिठीत मैद्यासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळं पापुद्रा करकरीत होतो. परदेशात याच कामाला मक्याचं स्टार्च वापरतात. पिठी आपल्या घरात असतेच. पातेलं मोठं घ्यावं, पीठ दुप्पट वर येतं. सकाळी दोन अंडी फोडायची, पिवळं पिठात घालायचं, पांढरं वेगळं फेटायचं. भांड्याला तुपाचा हात लागलेला नसावा आणि पिवळ्याचा थेंबही पडू नये, स्निग्धाचा अंश असला की फेस धरत नाही. फेस उभा राहिला पण अजून ओला दिसतोय, तिथं थांबायचं. पिठात तो खालून वर उचलत मिसळायचा, दहा-बारा वेळा उलथणं फिरवलं की पुरे. पांढऱ्या रेघा दिसत असल्या तरी हात थांबवायचा. इथं घाई करणारा आणि इथं सफाई करणारा, दोघंही वॉफल बसवतात.

बेकिंग पावडर घालून हेच वीस मिनिटांत होतं आणि वाईट होत नाही. ती १८४३ साली इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड यांनी तयार केली, बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. कारण मोठं सज्जन आहे. पण रात्रभर आंबलेल्या पिठाला जी किंचित आंबूस, धान्याची चव येते ती डबीतून येत नाही. अमेरिकेत पीठ रात्री यीस्ट घालून झाकून ठेवायची जुनी रीत आहे. सकाळी अंडी आणि चिमूटभर सोडा घालून वॉफलं करायची.

माझी बायको सावंतवाडीकडची. पहिल्या दिवशी सकाळी मी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि ती मागून म्हणाली, "आंबोळीचं पीठ कुणी भिजवलं?" तांदूळ नव्हते, उडीद नव्हता, मेथी नव्हती, तरी नाकाला जे कळायचं ते कळलं. मग तिनं मला सांगितलं की मार्च ते मे हे पीठ रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही, तासाभरानं फ्रिजमध्ये ढकलायचं, नाहीतर सकाळपर्यंत उतू जाऊन आंबटढोण होईल. आणि डिसेंबरात उबेला, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायचं. कुठल्याही पाकिटावर हे छापलेलं नसतं. ज्या घरात आंबवण्याची एवढी जाण आहे, त्या घरानं तयार पाकीट आणून पाणी घालावं याचं मला नवल वाटतं. इडली-आंबोळीचं पीठ पिढ्यान्‌पिढ्या जमतंय, मग हे अवघड ते काय?

अंड्याचं आमच्याकडं सोमवारी आणि श्रावणात चालत नाही. तेव्हाचा उपाय सांगतो, पण खोटं बोलणार नाही: अंड्याइतकं हलकं ते होत नाही. अंड्याऐवजी घट्ट दही अर्धी वाटी, थोडं जास्त दूध आणि ओतण्याआधी पाव चमचा सोडा. यीस्ट मात्र सोडायचं नाही, बिनअंड्याच्या वॉफलची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. आणखी एक खटपट आहे. काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून दाट केलं आणि गार करून फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. मी केलं, फेस आला. बायको त्या फेसाकडं अजून संशयानंच बघते. मैद्याबद्दल विचाराल तर पाव हिस्सा नाचणी किंवा कणीक चालते, त्यापुढं गेलं की जड होतं. आणि हा पदार्थ रविवारचा आहे, रोजचा नाही, तेव्हा मैद्यावरचं व्याख्यान मला नको.

वर काय घालायचं? कोल्हापुरात राहून हा प्रश्न पडणं ही लाज आहे. ज्याला लोक मेपल सिरप समजून आणतात त्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचा. पुष्कळदा तो साखरेचा किंवा मक्याचा पाक असतो, रंग आणि वास घातलेला. खरं मेपल सिरप म्हणजे झाडाचा रस आटवलेला, एका लिटरला सुमारे ४० लिटर रस लागतो, आणि ते महाग असणारच. आपल्याकडं उसाचा रस आटवतात. गूळ होण्याच्या जरा आधी कढईतून काढली ती काकवी. हिवाळ्यात गुऱ्हाळं चालू असली की कोल्हापूरच्या आसपास कुठंही जा, ताजी मिळते. गरम वॉफलच्या खळग्यात घरच्या लोण्याचा गोळा आणि वर काकवीची धार. काकवीला गोडीबरोबर एक खारट-तुरट कडा असते, ती लोण्याशी जमते. चॉकलेट सॉसला ती नाही. फक्त काकवी वाटीत वेगळी द्यावी आणि ज्यानं त्यानं घासापुरती ओतावी. आधीच ओतून ठेवली की पुन्हा तोच चिखल.

जाता जाता, मऊ वॉफल खाऊच नये असं मी म्हणत नाही. नॉर्वेत बदामाच्या आकाराची पातळ, मऊ वॉफलं तपकिरी चीज लावून खातात. ती मऊच करायची म्हणून केलेली असतात. आपलं मऊ होतं ते खोक्यामुळं, हा फरक आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वॉफल दोन-तीन मिनिटांत खायला हवं हे एकदा मान्य केलं की ते कुठं करायचं हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर असं नाही. ओटा भिंतीकडं तोंड करून असतो. करणारी उभी, तिची पाठ जेवणाऱ्यांकडं, आणि गरम वस्तू तिच्या हातून निघून दुसऱ्यांच्या ताटात. आंबोळी, घावन, डोसा, थालीपीठ, पुरणपोळी, जे जे म्हणून गरम खायचं ते ते आपल्या घरात करणारीनं सोडून सगळ्यांनी गरम खाल्लंय. आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. बायकोनं गरम आंबोळी शेवटची कधी खाल्ली असेल तर ती माहेरी. परळीच्या क्वार्टरमध्ये मी रात्रपाळी करून यायचो आणि ती म्हणायची, "बसा की, गरम गरम घालते." मी बसायचो. तीही खाईल केव्हातरी, असं धरून चालायचो.

वॉफलच्या मशीनला गॅस लागत नाही, धूर नाही, तेल उडत नाही, झाकण बंद असतं. हे यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवता येतं. पातेलं शेजारी, डाव पातेल्यात, जाळी मधे. ज्याला हवं त्यानं ओतावं, वाफेकडं बघत बसावं आणि काढावं. चार माणसं असतील तर पहिलं कुणाचं यावर भांडण होतं, होऊ दे. आमच्याकडं ओतायचं काम नातवाकडं आहे, आणि वाफ थांबली की नाही हे तो आता माझ्याआधी सांगतो. शेवटचं वॉफल खाणारं माणूस दर वेळी बदलतं. बायको पहिल्या रविवारी टेबलापाशी बसायलाच तयार नव्हती. खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभी राहिली आणि प्रत्येकाला काय हवं ते विचारत राहिली. सून म्हणाली, "आई, बसा हो, आज उठायचं कामच नाहीये." तेव्हा बसली.

वाचक बायका विचारतील, पीठ कोण भिजवतं आणि मशीन कोण पुसतं? पीठ मी भिजवतो. मशीन मी पुसतो, प्लग काढून, गार झाल्यावर, ओल्या मऊ फडक्यानं. तारेच्या काथ्यानं नाही आणि तेलाचा फवाराही मारायचा नाही, त्याचा चिकट थर बसतो. पातेलं मात्र कामवाल्या मावशी घासतात, ते खोटं कशाला सांगू.

हे सगळं करण्यात एकच अडचण आली, आणि ती वेगळ्याच ठिकाणची निघाली: टेबलाजवळ प्लग नाही. आमच्या बिल्डरनं टीव्हीच्या मागं पाच सॉकेट काढली आहेत. पलंगाच्या दोन्ही बाजूंना आहेत. देवघरात आहे. जेवणाच्या जागी एक नाही. ओळखीच्या घरांत जाऊन मी मुद्दाम बघितलं, बहुतेकांकडं तीच तऱ्हा. घर आखणाऱ्यांच्या मनात कुटुंब टीव्हीपुढं बसतं, झोपतं, पूजा करतं. एकत्र बसून काही शिजवतं हे त्यांच्या डोक्यातच नाही. शेवटी मी १६ अँपिअरचं एक सॉकेट टेबलाशेजारच्या भिंतीत काढून घेतलं, अर्थिंग तपासून. हजार वॉटचं मशीन चार-सव्वाचार अँपिअर ओढतं, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवरही चालेल, पण स्वस्तातल्या एक्स्टेंशनवर, ज्यावर आधीच फ्रिज आणि मिक्सर लटकलेत, अजिबात लावू नका. वायरला हात लावून ती कोमट लागली तर लगेच बंद करा. नव्या घराचं वायरिंग चालू असेल त्यांनी इलेक्ट्रिशियनला आजच सांगावं, जेवणाच्या टेबलाजवळ, बसल्यावर हात पोचेल अशा उंचीवर, एक सॉकेट. खर्च एका संध्याकाळच्या पार्सलांइतका. नंतर भिंत फोडायची म्हटलं तर बराच जास्त.

तरीही ज्यांना वॉफल घेऊनच जायचंय, त्यांच्यासाठी एक मार्ग आहे. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, मग फ्रीजरमध्ये सुटी ठेवून गोठवा आणि खायच्या वेळी ब्रेडच्या टोस्टरमध्ये तापवा. कोरड्या आचेनं पापुद्रा पुन्हा कडक होतो. फ्रँक डोर्सा यांनी कॅलिफोर्नियात १९५३ साली गोठवलेली वॉफलं विकायला काढली ती याच तत्त्वावर, आणि सत्तर वर्षांनंतरही ती खपतायत. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका. तिथं पुन्हा ओली वाफच.

पीठ जवळजवळ नेहमीच थोडं उरतं. ते संध्याकाळपर्यंत आणखी आंबतं, सैल होतं, फेस बसतो, आणि मशीनमध्ये घातलं तर वॉफल चपटं निघतं. बायको त्यात मूठभर पिठी आणि मीठ घालून बिडाच्या तव्यावर पसरते, झाकण ठेवते आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर आम्हाला वाढते. सकाळच्यापेक्षा हेच चांगलं झालं असं ती दर रविवारी ठासून सांगते. सून तिच्या बाजूनं, नातू माझ्या बाजूनं, आणि मुलगा दोन्ही वेळा खाऊन गप्प बसतो.